दुरून आलेला क्षीण आवाज

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंड तालुक्यात उतरायचे म्हणजे भीमा ओलांडावी लागते. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मी कॉलेजच्या चार मुलांना घेऊन नदीच्या अलीकडे उभा होतो. गाडी एका परवानाधारक हौशी मित्राची. तीत दुतर्फी वायरलेस संच बसवलेला. पलीकडे दहा-बारा किलोमीटरवर, पुढच्या ओढ्यापाशी त्याचा जोडीदार पाण्यावर नजर ठेवून होता. खरखरीतून शब्द आले, "मोरीवरून येऊ..." आणि पुढे सगळे चिडीचूप. चालकाने गिअर टाकलासुद्धा! मित्राने त्याचा हात धरला आणि पुन्हा विचारले. उत्तर आले, "येऊ नका, येऊ नका. पाणी वरून चाललंय."

आता पाहा, आपल्या मराठीत नकार येतो तो वाक्याच्या शेपटाला. शेपूट तुटले, की 'येऊ नका'चे 'येऊ' होते. मी भाषा शिकवणारा माणूस, पण हे मला त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते.

शेपूट तुटले कशाने? बोलणाऱ्याने बटण अंमळ लवकर सोडले, हे एक. दुसरे कारण आमच्याच संचात होते. संदेश नसताना जी अखंड खरखर चालते, ती कानाला नको म्हणून संचात 'स्क्वेल्च' नावाची सोय असते. ती घट्ट लावली, की खरखरीबरोबर क्षीण आवाजही गिळला जातो. म्हणून दूरचे ऐकायचे असेल तेव्हा ती सैल सोडावी. खरखर सोसावी लागते, त्याला इलाज नाही.

या संचांच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. दोन मीटर उंचीच्या एरियलला सपाट माळावर क्षितिज जेमतेम सहा किलोमीटरवर असते. दोन्ही गाड्या मिळून बारा. म्हणजे आम्ही अगदी कडेवर होतो! अशा वेळी पलीकडच्याने शक्ती दुप्पट केली तरी फरक थोडाच पडतो. त्यापेक्षा एखाद्या टेकाडावर गाडी नेलेली बरी. शिवाय लहरी घरांवर, झाडांवर आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. १५० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर सुमारे दोन मीटर लांब असते. म्हणून गाडी हातभर मागेपुढे घेतली, तरी मेलेला आवाज कधीकधी जिवंत होतो. इंजिन बंद करावे, मोबाइलचा चार्जर उपटून ठेवावा. त्यांचीही कुरकुर संचात शिरते.

दौंडकरांना तर ही विद्या नवी नाही. सन १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात बीम वायरलेसने तारा जाऊ-येऊ लागल्या, तेव्हा पाठवणारे केंद्र होते पुण्याजवळ खडकीला आणि ऐकणारे होते दौंडला. तिकडे इंग्लंडातही पाठवणे ग्रिम्स्बीजवळून आणि ऐकणे स्केग्नेसजवळ. कारण उघड आहे. आपणच गळा काढून ओरडत असताना दुसऱ्याची कुजबुज ऐकू यायची कशी? समुद्रापारची ती कुजबुज दौंडच्या माळावर उभ्या असलेल्या एरियलांनी झेलायची. वर्गातल्या मुलांना हे सांगितले तर 'दौंड म्हणजे रेल्वे जंक्शन' या पाठांतरापुढे त्यांचे भूगोलाचे ज्ञान जाईल, असे मला वाटते.

गाडीत बसून मात्र कान आणि तोंड सत्तरेक किलोमीटर दूर ठेवता येत नाहीत. एकाच एरियलवर आळीपाळीने बोलायचे आणि ऐकायचे. म्हणून बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, आणि बोलणे संपल्यावर क्षणभर थांबूनच बटण सोडावे. ऐकणाऱ्यानेही ऐकलेले जसेच्या तसे परत म्हणून दाखवावे. अंदाजाने वाक्य पुरे करू नये.

आमच्या मित्राने त्या पावसाळ्यापासून आपल्या मंडळींची बोलीच बदलली आहे. मनाई करायची असली, की पहिला शब्द 'थांबा', तोही दोनदा. कारण काय ते मागाहून.