झोपलेला संपादक



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत झाले. संगणकही मी तेथेच शिकलो. तेव्हा मजकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नका. माझ्या एका चुकीची हकीकत सांगतो.

आमच्या यंत्रावर लिनक्स आहे. तेथे हुकूम ऐकणारा ‘शेल’ आणि मजकूर लिहिण्याचा ‘विम’ हा संपादक. दुसऱ्या दिवशी मालकांशी बोलणी होती. रात्री मी थकबाकीदार कामगारांची यादी लिहीत होतो. मध्येच दुसरा कागद पाहण्यासाठी कंट्रोल आणि झेड दाबले, आणि परतल्यावर ते विसरून विम पुन्हा सुरू केला. यंत्राने बजावले, की फाईल आधीच उघडी आहे. मी न वाचताच पुढे गेलो. समोर आली ती जुनी प्रत! नवी नावे गेली असे समजून मी ती आठवून लिहिली, आणि खिडकी बंद केली. तीन नावे राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एकाने विचारले, “साहेब, माझं नाव कुठाय?”

नावे गेली नव्हती. कंट्रोल-झेडने विम मरत नाही, थांबतो. न साठवलेला मजकूर त्याच्याजवळ असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ आणि कपात यांत फरक होता ना? ले-ऑफ झालेल्याचे नाव हजेरीपटावर राहत असे. तसेच हे. शेलही त्याला ‘जॉब’च म्हणतो! (मला हसू आले, ते नंतर.)

यावर उपाय टोपणनावाचा, म्हणजे एलियसचा. विमचा पूर्वज वी आणि एलियसची सोय असलेला सी-शेल, दोन्ही बर्कलेच्या बिल जॉय यांनी १९७० च्या दशकात लिहिले. आमचा शेल बॅश. त्यात ‘व्ही’ या एका अक्षरामागे मी एवढेच दडवले: ‘जॉब्स’ला विचार, विम थांबलेला आहे का, असेल तर ‘एफजी’ने पुढे आण, नसेल तरच नवा सुरू कर. आधी विचारणे महत्त्वाचे. ‘एफजी फसले तर नवा’ असे लिहिले, तर जागा केलेला विम पुन्हा थांबवताच शेल ते अपयश मानतो आणि दुसरा विम उभा करतो. फाईलचे नाव द्यायचे असल्यास एलियस पुरत नाही, फंक्शन लिहावे लागते.

दुसऱ्या खिडकीतल्या शेलला मात्र हा जॉब दिसत नाही. म्हणून बोलण्यांच्या आदल्या रात्री मी एकच खिडकी उघडी ठेवतो.