वेणीची पाळी

आमच्या गल्लीतली एक बाई कॅन्सरनं अंथरुणाला खिळली. पॅलिएटिव्ह केअरच्या नर्सबाई आठवड्यातून एकदा यायच्या. आम्ही डबे पोचवायचो. पण तिची नऊ वर्षांची लेक शाळा सोडून आईचं अंग पुसते, हे आम्हांला पंधरा दिवसांनी कळलं! मग पाळ्या लावल्या. अंग पुसणं, कूस बदलणं आमच्याकडे, पोर शाळेत. संध्याकाळी वेणी मात्र आईच घालायची, पडल्यापडल्या. ती पाळी कुणी मागितली नाही.

आणि हो, आईवडील दुर्धर आजारी असले तरी मुलाला बालसंगोपन योजनेतून महिना २२५० रुपये मिळू शकतात. मूल पोरकं व्हायची वाट बघू नका. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. आईला सही करता येतेय तोवर अर्ज भरा.