बटणं चार का? नॅशव्हिलपासून नाशिकपर्यंत

आज नकाशांबद्दल बोलायचंय. गुगल मॅप नाही, मतदारसंघांचे नकाशे.

१५ जानेवारी २०२६ ला तुमच्यापैकी ज्यांनी नाशिक महापालिकेसाठी मतदान केलं, त्यांनी बहुतेक चार वेळा बटण दाबलं असेल. अ, ब, क, ड. त्याच दिवशी मुंबईत राहणाऱ्या तुमच्या मावसभावाने मात्र एकदाच बटण दाबलं आणि तो घरी गेला. राज्य एक, दिवस एक, निवडणूकही महापालिकेचीच. मग तुम्हाला चार आणि त्याला एक, असं का? आजचा सगळा एपिसोड या एका प्रश्नावर आहे. उत्तराची सुरुवात मात्र जरा लांबून करतो, अमेरिकेतून.

अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे. त्याची राजधानी नॅशव्हिल. नाव ऐकून आपल्याच गावाचा लांबचा चुलतभाऊ वाटतो. साधारण सात लाख वस्ती, संगीतासाठी प्रसिद्ध, मधून कंबरलँड नदी वाहते. राज्य रिपब्लिकन, पण हे शहर डेमोक्रॅट. त्यामुळे वर्षानुवर्षं नॅशव्हिलमधून डेमोक्रॅट खासदार निवडून जायचा. २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने, म्हणजे रिपब्लिकन बहुमताने, नवा नकाशा केला. शहराचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा आजूबाजूच्या मोठ्या ग्रामीण पट्ट्याला जोडून टाकला. तिथले खासदार जिम कूपर यांनी त्याच जानेवारीत जाहीर केलं की आपण पुन्हा उभे राहणार नाही. नोव्हेंबरमध्ये तिन्ही जागा रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या. शहरातल्या लोकांनी मत बदललं नव्हतं. फक्त रेषा बदलल्या होत्या.

याला जेरीमँडरिंग म्हणतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी एका नकाशावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की तो सॅलॅमँडरसारखा, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्यासारखा, दिसत होता. वर्तमानपत्राने त्याचं व्यंगचित्र छापलं, गेरी आणि सॅलॅमँडर मिळून शब्द तयार झाला. (गंमत म्हणजे या गृहस्थांच्या आडनावाचा उच्चार ‘गेरी’ होता. शब्द ‘जेरी’ झाला. दोनशे वर्षं बदनामी झाली तीही चुकीच्या उच्चारात.)

युक्त्या दोनच. एक, विरोधकांची वस्ती फोडायची, म्हणजे कुठेच त्यांचं बहुमत होत नाही. नॅशव्हिलला हेच झालं. दुसरी, त्यांना एकाच मतदारसंघात कोंबायचं, म्हणजे तिथे ते ऐंशी टक्क्यांनी जिंकतात आणि बाकी सगळीकडे हरतात. नॉर्थ कॅरोलायनात २०१६ मध्ये दोन पक्षांची मतं साधारण ५३ विरुद्ध ४७ टक्के होती आणि जागा १० विरुद्ध ३. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पक्षीय फायद्यासाठी नकाशा काढणं लोकशाहीला शोभत नसेलही, पण हा राजकीय प्रश्न आहे, केंद्रीय न्यायालयं यात पडणार नाहीत. मग काय, रान मोकळं. २०२५ मध्ये टेक्सासने नवी जनगणना नसतानाच, दशकाच्या मध्येच, पाच जागा जास्त मिळाव्यात म्हणून नकाशा बदलला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरमध्ये जनमत घेऊन आपला बदलला. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. दोघांनाही आपापला नकाशा न्याय्य वाटतो.

आता आपल्याकडे या.

लोकसभा-विधानसभेच्या रेषा आपल्याकडे परिसीमन आयोग काढतो, निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली. त्यावरही वाद होतात, पण पेन्सिल निदान आमदारांच्या हातात नसते. महापालिकेचं तसं नाही. तिथे प्रभागांचं प्रारूप तयार करतात महापालिका आयुक्त. ते नगरविकास विभागाकडून पुढे जातं आणि राज्य निवडणूक आयोगाची मान्यता लागते. यावेळी आयुक्त हेच प्रशासकही होते, कारण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती. आणि आयुक्तांची नेमणूक कोण करतं? राज्य सरकार.

पण थांबा. मी असं म्हणत नाहीये की कुणी रात्री बसून नाशिकच्या नकाशावर पाल काढली. रेषांसाठी आपल्याकडे बरे नियम आहेत. प्रभाग उत्तरेकडून सुरू करायचे आणि सरकत सरकत दक्षिणेला संपवायचे. नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग या हद्दी शक्यतो पाळायच्या. जनगणनेचे प्रगणक गट फोडायचे नाहीत. दलित-आदिवासी वस्त्या तोडायच्या नाहीत. लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर किंवा खाली, एवढीच सूट. रेषा वाकवायला जागा असते, नाही असं नाही, आणि प्रत्येक वेळी त्यावर आरोप होतातच. पण आपल्याकडचा मोठा खेळ रेषेचा नाहीच. तो आकाराचा आहे. प्रभागात सदस्य किती, हा एक आकडा. हा आकडा कायद्यात असतो, आणि कायदा मुंबईत विधिमंडळात बदलतो.

आता हा आकडा कसा फिरला ते ऐका. २००२, तीन सदस्यांचा प्रभाग. २००७, एक. २०१२, दोन. या तिन्ही वेळी सरकार एकाच आघाडीचं, काँग्रेस-राष्ट्रवादीचं. तीन निवडणुका, तीन आकडे! २०१७ ला भाजप-शिवसेनेच्या काळात चार. डिसेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीने परत एक केला. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच आघाडीने एकाचे तीन केले. २०२२ च्या सुरुवातीला नाशिकसाठी १३३ जागा आणि ४४ प्रभाग असा आराखडा आला. मार्चमध्ये ओबीसी आरक्षणाच्या वादात कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतला. त्याला विरोधी पक्षाचाही पाठिंबा होता, हे विसरू नका. जूनअखेर सरकार बदललं, आणि ऑगस्टमध्ये शिंदे-फडणवीस सरकारने सगळं २०१७ च्या मापावर परत नेलं. १२२ जागा, ३१ प्रभाग. त्यातले २९ प्रभाग चार जणांचे, दोन तीन जणांचे.

मग कोर्ट, तारखा, ‘जैसे थे’. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका असं सांगितलं. तेही जमलं नाही, मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. जवळजवळ चार वर्षं नाशिकला एकही नगरसेवक नव्हता. कॉलेजात गेलेली पोरं पदवी घेऊन बाहेर पडली, तरी त्यांना महापालिकेसाठी एकदाही मत देता आलं नाही. अमेरिकेत नकाशावरून कितीही भांडले तरी निवडणूक ठरलेल्या दिवशी होते. एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

आता मुद्द्याचं गणित. हा भाग कानात हेडफोन असताना जरा हळू ऐका.

२०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४,८६,०५३. भागिले १२२. एका नगरसेवकामागे साधारण १२,२०० माणसं. चारचा प्रभाग म्हटलं की जवळपास ४९ हजार. २००७ ला शहरात १०८ जागा होत्या, एकेकाचा वॉर्ड, आणि २००१ च्या लोकसंख्येने एका वॉर्डात साधारण १० हजार माणसं. म्हणजे २००७ ला ज्याला उभं राहायचं होतं त्याने १० हजारांच्या वस्तीत फिरायचं. आज त्याच पदासाठी ४९ हजारांच्या. पाचपट पत्रकं, पाचपट रिक्षा-भोंगे, पाचपट कार्यकर्ते.

समजा, सिडकोतल्या एखाद्या वसाहतीत एक ताई आहेत. पाण्याच्या टँकरपासून रेशनकार्डापर्यंत लोकांची कामं करतात, पक्ष नाही, पैसा बेताचा. (नाव विचारू नका, उदाहरण आहे. पण तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी आलंच असेल.) त्यांच्या वसाहतीत ६,००० लोक मतदान करतात, त्यातले ४,००० त्यांना मत देतात. दोन तृतीयांश. एकेकाचा वॉर्ड असता तर गुलाल त्यांचाच. आता त्यांच्या वसाहतीला शेजारच्या तीन वसाहती जोडा. तिथे त्यांना कुणी ओळखत नाही, प्रत्येकी ५०० मतं मिळतात. एकूण ५,५००. समोर पक्षाच्या पॅनलचा उमेदवार. त्याला ताईंच्या वसाहतीत १,५००, पण बाकी तिन्हीकडे ३,००० - ३,०००. एकूण १०,५००. ताई जवळपास दुप्पट फरकाने पडल्या, आणि त्यांच्या वसाहतीने कौल दिलेला माणूस सभागृहात पोचलाच नाही.

पॅनलला यासाठी कुठे रेष वाकवावी लागली? कुठेच नाही. चार तुकडे शेजारी ठेवले आणि मधल्या भिंती काढल्या. नॅशव्हिलला फोडून बुडवलं, इथे जोडून बुडवलं.

ही कल्पना अमेरिकेला नवी नाही. तिकडे दक्षिणेतल्या राज्यांत बहुसदस्यीय मतदारसंघ अगदी याच कामासाठी बदनाम होते. कृष्णवर्णीय वस्ती एका मोठ्या मतदारसंघात मिसळून टाकायची, म्हणजे त्यांचा माणूस निवडूनच येत नाही. १९६७ मध्ये तिकडच्या संसदेने कायदा केला की प्रतिनिधीगृहासाठी एका मतदारसंघातून एकच सदस्य. आणि १९८६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बहुसदस्यीय मतदारसंघांवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यात हे ‘मिसळून बुडवणं’ कसं ओळखायचं याच्या कसोट्या घालून दिल्या.

दुसरी बाजू ऐका, कारण ती खोटी नाही. प्रभाग मोठा असला की नगरसेवक आपल्या गल्लीपुरता विचार करत नाही, असं समर्थन केलं जातं. निम्म्या जागा महिलांच्या, म्हणजे १२२ पैकी ६१. चारच्या प्रभागात दोन महिला येतातच, त्यामुळे शहराच्या प्रत्येक कोपऱ्यातून महिला निवडून जाते. हे चांगलंच आहे. पण याच सोयीची एक उलटी बाजू कुणी बोलत नाही. एकेकाच्या वॉर्डात आरक्षणाची सोडत निघाली की प्रस्थापित दादांची दांडी गुल व्हायची, वॉर्ड महिलेसाठी गेला की घरी बसा किंवा दुसरीकडे जा. चारच्या प्रभागात दादांना उभं राहायला एखादी जागा बहुधा सापडतेच. सोडतीची भीतीच गेली. सगळ्या पक्षांतल्या दादांना हा आकडा गोड का लागतो, ते मला तरी इथे दिसतं.

मग चारमुळेच निकाल ठरतो का? एवढं सरळ नाही. २०१२ ला दोनच्या प्रभागात मनसे ४० जागा घेऊन सगळ्यात मोठा पक्ष होता. २०१७ ला चारच्या प्रभागात भाजपला ६६, शिवसेनेला ३५ आणि मनसेला ५. पाच वर्षांत लाट बदलली होती, माणसं पक्ष सोडून गेली होती, महापालिकेच्या कारभारावर लोक नाराज होते. हे सगळं एका आकड्याच्या खात्यावर टाकलं तर तो खोटा हिशेब होईल. पण लाट ज्याची असेल त्याला मोठा प्रभाग आणखी उचलून धरतो, आणि लाटेबाहेरच्या एकट्या माणसाला तो आत येऊ देत नाही. अपक्ष हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरतात.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. २०२६ ची निवडणूक आपण २०११ च्या लोकसंख्येवर लढवली. कागदावर प्रभाग दहा टक्क्यांच्या फरकात बसतात. पण पाथर्डी, आडगाव, म्हसरूळ या बाजूंना पंधरा वर्षांत काय उभं राहिलंय ते तुम्ही रोज बघता. जुन्या नाशकातला वाडा पडून रिकामा, तिकडे टॉवरवर टॉवर. एका मताचं वजन दोन्हीकडे सारखं राहिलेलं नाही. याच तक्रारीवर टेनेसीतला एक माणूस कोर्टात गेला होता, कारण त्यांच्या विधिमंडळाने १९०१ नंतर साठ वर्षं नकाशाला हातच लावला नव्हता. १९६२ मध्ये तो जिंकला, आणि तिथून पुढे ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व अमेरिकेत कोर्टाने लागू करायला घेतलं. पुन्हा टेनेसी, बघा.

आता, करता काय येतं? प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचना मागवतात, ठरावीक दिवसांत. यावेळी ते प्रारूप ऑगस्ट २०२५ मध्ये आलं होतं. हरकत लेखी द्यायची असते आणि त्यावर सुनावणी होते. ‘आमचा भाग त्या प्रभागात नको’ अशा हरकतीला वजन नसतं. ‘इथे प्रगणक गट फुटलाय’, ‘इथे वस्ती दोन प्रभागांत तोडलीये’, ‘इथे नाल्याची हद्द सोडून प्रभाग पलीकडे उडी मारतो’ असं नियमावर बोट ठेवलं तर उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे बहुतेक हरकती इच्छुक उमेदवारांच्या असतात. मतदारांच्या फार थोड्या.

पण चारचा आकडा त्या सुनावणीत येतच नाही. तो विधिमंडळात ठरतो, बहुधा अधिवेशनाच्या गडबडीत, एखाद्या दुरुस्ती विधेयकात. जनगणना २०२७ मध्ये होतेय. नवे आकडे आले की नाशिकच्या जागा वाढतील, कारण कायद्यात लोकसंख्येप्रमाणे सदस्यसंख्या ठरवलेली आहे, आणि २०३१ च्या आधी ३१ प्रभागांचा हा नकाशा पुन्हा टेबलावर येईल. तेव्हा सत्तेत जो असेल तो आकडा एक, दोन, तीन, चार यातला कुठलाही करू शकतो. मुंबईला मात्र एकच राहील, असं मी आत्ताच सांगून ठेवतो. तिथे २२७ चे २३६ झाले, २३६ चे परत २२७ झाले, पण एकाला कुणी हात लावला नाही.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांची नावं फोनमध्ये न बघता सांगता येतात का, ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. दोन आली तरी चालतील. पुढच्या एपिसोडमध्ये आरक्षणाची सोडत कशी काढतात, ते बघू.