जुन्या मूर्तींना ऑइलपेंट नको

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला आपल्यातले कितीतरी जण जातात, ख्रिस्ती नसलेलेही जातात. ही भक्ती ज्या मूर्तीपासून जगभर पसरली ती प्राग शहरातल्या चर्चमध्ये आहे. सोळाव्या शतकातली, स्पेनकडची, जेमतेम 47 सेंटीमीटर उंच. आत लाकूड, वर रंगवलेलं मेण. 1628 साली पोलिक्सेना नावाच्या सरदारघराण्यातल्या बाईंनी ती कार्मेलाइट साधूंना दिली. जपली, म्हणून आजही आहे.

मला आज सांगायचंय ते एवढंच: चर्चमधल्या जुन्या लाकडी मूर्तीवर सणाआधी नवा ऑइलपेंट चढवू नका. हे मी पुन्हा सांगणार आहे.

का, ते ऐका. त्या काळचा मूर्तिकार पुष्कळदा ओंडक्याचं पोट पाठीकडून कोरून काढी, म्हणजे लाकूड वाळताना तडकत नाही. सांध्यांवर सरसाने कापडाच्या पट्ट्या चिकटवी. पुढचं काम आपल्या अंगणातलंच समजा. आधी सारवण: खडूची नाहीतर जिप्समची पूड सरसात कालवून हातावर हात द्यायचे. मग गेरू. सोन्याच्या वर्खाखाली खरोखरच तांबडी माती असे. वर्ख बसला की तो अकीकाने घोटायचा. आणि शेवटी रांगोळी. स्पेनमध्ये सोन्यावर रंग देत आणि तो काडीने खरवडून आतलं सोनं नक्षीसारखं उघडं करीत. झग्यावरचा जरीकाठ असा उठतो. तिथे कोरणारा वेगळा, रंगवणारा वेगळा. दोघांचे संघही वेगळे.

आता अशा रांगोळीवर कुणी डब्यातला रंग ओतला तर? बारीक नक्षी बुजते. पुढे तो रंग पॉलिश पेपरने, थिनरने काढायला जावं, तर रांगोळी, गेरू, सारवण सगळंच निघून येतं. म्हणून म्हणतो, रंग चढवू नका, आणि चढलेला घरच्या घरी खरवडूही नका.

फ्लॉरेन्सला शिल्पकार दोनातेलोची मरीया मग्दालीया आहे, लाकडाची. 1966 च्या नोव्हेंबरात आर्नो नदीचा पूर तिच्यापर्यंत पोचला. गोदेचा पूर पाहिलेल्यांना तो चिखल सांगायला नको. जाणकारांनी ती साफ केली तेव्हा वरचा तपकिरी थर निघाला, खाली अंगाचा मूळ रंग दिसला आणि केसांत सोनं. इतकी वर्षं लोक तिला तपकिरीच समजत होते!

हे सगळं लांबचं नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ते 1994 मध्ये रायतूरच्या सेमिनरीत सुरू झालं, 2002 मध्ये या मठात आलं. तिथल्या मूर्ती जवळून पाहा. संत युरोपातले, पण घडवणारे हात पुष्कळदा आपल्याच मातीतले. जपणं आपल्याला नवं नाही: वसईच्या स्वारीतून आलेली नारोशंकराची घंटा, 1721 सालची, आपण गोदाकाठी जपली. पण ती धातूची; ऊनपाऊस सोसते. लाकडाला वाळवी आहे, मेणबत्तीची काजळी आहे, पावसाळ्यातली ओल आहे, आणि सगळ्यांत मोठा धोका आपल्या हौसेचा आहे.

भाजलेल्या मातीच्या मूर्तींबद्दल बोलायचं होतं. बोलोन्याला निक्कोलो देल्लार्काने केलेला शोक करणाऱ्यांचा समूह आहे, माणसाएवढा, एके काळी रंगवलेला... पण घड्याळ पुढे गेलंय.

तेव्हा चर्चच्या समितीतल्या मंडळींनो आणि रंगाचा खर्च आनंदाने उचलणाऱ्या दात्यांनो, विनंती ऐका. मूर्तीवर ओलं फडकं फिरवू नका. रंग सुटत नसेल तिथेच मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटका. पोपडे दिसले तर हात न लावता फोटो काढून ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. मिरवणुकीला झळझळीत मूर्ती हवी असेल तर नवी करून घ्या. जुनीला मात्र, तिसऱ्यांदा सांगतो, ऑइलपेंट लावू नका.