नाताळचे जेवण केव्हा जेवावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले की मोठमोठ्या विषयांवर बोलणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत, मी आपला चुलीजवळचाच विषय घेते. विषयाचे नाव ऐकून दोघी-तिघी हसल्या. भूक लागली की जेवावे, त्यात भाषण कसले, असे त्या म्हणाल्या. बरोबर आहे. पण बायांनो, सणाच्या दिवशी भुकेला कोण विचारतो? सणाच्या दिवशी घड्याळ पाहावे लागते, देव पाहावा लागतो, पाहुणा पाहावा लागतो, आणि एवढे सगळे पाहून झाल्यावर जिने रांधले तिचे पान वाढले जाते. म्हणून हा विषय वाटतो तेवढा लहान नाही.

आपल्या मंडळात सगळ्या धर्मांच्या बायका आहेत. ज्यांच्या घरी नाताळ नसतो त्यांना आधी तंटा काय तो सांगते. आमच्याकडे वडीलमाणसे म्हणतात, मध्यरात्रीची मिस्सा झाली की घरी येऊन जेवायचे, तेच खरे नाताळचे जेवण. मुले म्हणतात, रात्री कोण जेवणार, पंचवीस तारखेला दुपारी सावकाश बसू. नव्या सुनेला माहेरीही जायचे असते, तर ती म्हणते, एक जेवण इकडे आणि एक तिकडे. नोकरीवरचा मुलगा म्हणतो, रात्रीच करा, म्हणजे मी येईन. चौघांची चार तोंडे, आणि पातेले एक! मग बाई तिन्ही वेळा रांधते. चोवीसची रात्र, पंचवीसची दुपार आणि पंचवीसची रात्र. सव्वीसला सुट्टी नसते. पहाटे उठून तिला पुन्हा डबे भरायचे असतात.

आता रात्रीची ही वेळ आली कुठून, ते पाहू. लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे की मेंढपाळ रात्री आपले कळप राखीत होते आणि त्यांना जन्माची वार्ता कळली. किती वाजले होते ते तिथे लिहिलेले नाही. पण रात्र होती म्हणून मध्यरात्रीची मिस्सा फार जुन्या काळापासून चालत आली. आपल्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते. त्यांच्या भाषेत या मिस्सेला ‘कोंबड्याची मिस्सा’ म्हणतात. कोंबडा आरवण्याच्या सुमाराची, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मिस्सेनंतर लगेच जेवण का? तर उपास! चर्चच्या १९१७ च्या नियमावलीप्रमाणे नाताळचा आदला दिवस उपासाचा होता, त्या दिवशी मांस वर्ज्य होते. शिवाय कम्युनियन घ्यायचे तर मध्यरात्रीपासून पोटात अन्नाचा कण नको, पाण्याचा घोटसुद्धा नको, असा नेम होता. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस देवळातून घरी आला की त्याला भूक लागणारच. त्या भुकेने जेवणाची वेळ ठरवली. पुढे १९५३ साली पाणी पिण्याची मोकळीक झाली. १९५७ साली उपास तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. १९६६ साली आदल्या दिवसाच्या उपासाची सक्तीही गेली. म्हणजे ज्या कारणाने आपल्या आज्या रात्री एक वाजता पाने मांडीत, ते कारण जाऊन साठ वर्षे होत आली. पाने मात्र अजून मांडली जातात!

आता तर मध्यरात्रही मध्यरात्रीला राहिली नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई झाली. वर्षातल्या ठराविक दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, तेवढेच. त्यामुळे मुंबईच्या बाजूला पुष्कळ चर्चच्या पटांगणात ही मिस्सा आता बारा वाजण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. देवाच्या दारची वेळ सोयीने बदलली आणि कोणाचा धर्म बुडाला नाही. मग घरच्या पातेल्याची वेळ बदलली तर काय बुडणार?

दुसरीकडचे लोक काय करतात, तेही ऐकण्यासारखे आहे. पोलंड देशात चोवीस तारखेला संध्याकाळी मुले आकाशाकडे डोळे लावून बसतात. पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचे, आधी नाही. त्या जेवणात मांस नसते. परंपरेने बारा पदार्थ करतात आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवतात. आपल्या संकष्टीचा उपास करणाऱ्या भगिनी आता मनात हसल्या असतील. चंद्र दिसल्याशिवाय त्या तरी कुठे जेवतात? आणि हे पोलंडचे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. महायुद्धाच्या काळात घरदार गमावलेल्या पोलिश बायामुलांची वसाहत १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. सुमारे पाच हजार माणसे होती ती.

फ्रान्समध्ये मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर मोठी मेजवानी करण्याची जुनी रीत. जर्मनीत चोवीसच्या संध्याकाळीच दिवे लावून, भेटी देऊन घरगुती जेवण होते. पोर्तुगालात चोवीसच्या रात्रीचे जेवण, त्याला ‘कोन्सोआदा’ म्हणतात आणि त्यात खारवलेला मासा असतो. गंमत अशी की गोव्यात याच शब्दाने शेजाऱ्यांना पाठवायचे गोडाचे ताट ओळखले जाते. शब्द जेवणाचा, पण तो शेजाऱ्याच्या दारी पोचला! केरळात सिरियन ख्रिस्ती लोक एक डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांसमच्छी सोडतात आणि नाताळच्या मिस्सेनंतर आप्पे आणि मटणाच्या रश्श्याने उपास सोडतात. हे आप्पे म्हणजे आपले आप्पेपात्रातले नव्हेत, जाळीदार धिरड्यासारखे असतात.

इंग्लंडात मात्र सगळा मान पंचवीसच्या दुपारचा. तिथे १९३२ साली पंचम जॉर्ज राजाने नाताळच्या दिवशी दुपारी तीन वाजता रेडिओवरून पहिल्यांदा भाषण केले. तेव्हापासून जेवण भाषणाच्या आधी की नंतर, असा तिथल्या घराघरांत तंटा असतो. म्हणजे तंटा आपल्याच नशिबी आहे असे समजू नका. डिकन्सने १८४३ साली लिहिलेल्या नाताळच्या गोष्टीत एका गरीब कारकुनाचे कुटुंब आहे. त्यांचे हंस भाजायला भटारखान्यात दिलेले असते, कारण गरिबांच्या घरी भट्टी नसे. भटाऱ्याकडून हंस येईल तेव्हा त्यांचे जेवण! देवाने ठरवलेली वेळ नाही, राजाने ठरवलेली नाही, भटाऱ्याने ठरवलेली.

एवढे सगळे सांगण्याचे कारण एवढेच की नाताळच्या जेवणाची अशी एकच एक पवित्र वेळ जगात कुठे नाही. कुठे चांदणीने वेळ ठरवली, कुठे उपासाने, कुठे भट्टीने, कुठे रेडिओने. मग आपल्या घरी ती आपल्या घरच्या माणसांनी ठरवावी.

ती कशी ठरवावी, याला मी एकच कसोटी लावते. जिने रांधले तिला मिस्सेला स्वस्थपणे बसता आले पाहिजे आणि सगळ्यांबरोबर जेवायलाही बसता आले पाहिजे. या दोन गोष्टी ज्या वेळेत बसतात ती वेळ चांगली. सांगा बरे, गाणी चालू असताना किती जणींचे लक्ष घरच्या गॅसकडे असते? ख्रिस्तजन्माचा आनंद गोठ्यातल्या बाळाच्या आईला आधी झाला. आपल्या घरच्या आईला तो सगळ्यांच्या शेवटी का मिळावा?

हे फक्त आमच्यातच आहे असे नाही. गणपतीचा नैवेद्य दाखवून, पंगती उठवून, खरकटे काढून दुपारी चारला जेवणाऱ्या बायका या सभेत आहेत. रोजा सोडण्याची वेळ मिनिटावर असते, पण सगळ्यांपुढे खजूर ठेवून होईपर्यंत भज्यांच्या कढईपाशी उभी राहणारीही इथे आहे. म्हणून मी नाताळचे बोलते, पण ते सगळ्यांनी आपापल्या सणाला लावून पाहावे.

आता माझा आराखडा सांगते. जेवण पंचवीस तारखेला दुपारी एक वाजता ठेवावे आणि ती वेळ आठ दिवस आधी सगळ्यांना कळवावी. इंद्याल आणि सोरपोतेल बावीस-तेवीसलाच करून ठेवावे. सिरक्यात शिजलेले हे पदार्थ मुरले की जास्त चवदार लागतात. ते फ्रीजमध्ये ठेवावे, लागेल तेवढेच बाहेर काढावे आणि खदखदून उकळी आणून वाढावे. फुग्यांचे पीठ फुगले की ते कोणासाठी थांबत नाही, मिस्सेसाठीही नाही. म्हणून चोवीसला पीठ सकाळीच भिजवावे आणि दुपारीच फुगे तळून मोकळे व्हावे. करंज्या, कुलकुल आधीच्या आठवड्यात मुलांना हाताशी घेऊन होतात. कुलकुल वळायला पुरुषांचीही बोटे चालतात, मी पाहिले आहे.

चोवीसच्या संध्याकाळी हलके खावे. खिमट, पेज, जे घरात रुचेल ते. मिस्सेहून आल्यावर केकचा तुकडा, दोन फुगे आणि गरम चहा. वडीलमाणसांना रात्रीचा मान हवा असतो, तो त्यात राहतो. मेणबत्ती लावावी, प्रार्थना म्हणावी आणि निजावे. पंचवीसला सकाळी भात आणि कोंबडी तेवढी ताजी करायची राहते.

रात्री एक वाजता मांसाचे भरपेट जेवण करून लगेच आडवे झाले की छातीत जळजळते, हे सांगायला डॉक्टर नको. ज्यांना साखरेचा विकार आहे, जे सुई किंवा गोळी घेतात, त्यांना तर पाहुण्यांची वाट पाहत ताटकळत ठेवूच नये. त्यांना त्यांच्या वेळेला वाढावे. आधी जेवले म्हणून मान जात नाही. आणखी एक, आपला डिसेंबर विलायतेसारखा थंड नसतो. रात्रीचा भात आणि रस्सा ओट्यावर झाकून सकाळपर्यंत ठेवू नये. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे.

आणि वाढायचे कसे? सगळे पदार्थ एकदम मध्ये मांडावेत आणि ज्याचे त्याने घ्यावे. पाणी मुलांनी भरावे, ताटे पुरुषमंडळींनी मांडावीत आणि घरची बाई बसल्याशिवाय प्रार्थना सुरू करू नये. हा शेवटचा नेम सगळ्यांत महत्त्वाचा आहे. वेळ एकची ठरवली आणि बाई तीनला जेवली, तर वेळ बदलून काय मिळवले?

पण एकची वेळ हीही काही दगडावरची रेघ नव्हे. आमच्या आळीत एक घर आहे. सून इस्पितळात परिचारिका आहे आणि एका वर्षी तिची चोवीसची रात्रपाळी लागली. सकाळी सुटून, लोकलने घरी येऊन, आंघोळ करून तिला थोडी झोप घ्यायची होती. घरात बोलणे सुरू झाले की आपण दुपारी जेवून घेऊ, तिचे काढून ठेवू. तिची सासू सत्तरीची, जुन्या वळणाची, आयुष्यभर मिस्सेनंतर जेवलेली. ती म्हणाली, “रात्रभर ती दुसऱ्यांच्या लेकरांपाशी जागली. ती उठेपर्यंत पातेल्याचे झाकण निघायचे नाही.” त्या घरी त्या वर्षी दुपारी चार वाजता नाताळचे जेवण झाले. मुलांना दोनला फुगे आणि दूध दिले, एवढेच. मला विचाराल तर त्या वर्षी आळीत सगळ्यांत बरोबर वेळेला तेच घर जेवले.

लेकी-सुनांचेही असेच करावे. दोन्ही घरच्या बायकांनी आधी एकमेकींना फोन करावा. एकीने दुपार घ्यावी, दुसरीने संध्याकाळचा चहा-फराळ घ्यावा आणि पुढल्या वर्षी उलटे करावे. दोन्हीकडे भरल्या ताटावर बसवून पोरीला रडकुंडीला आणू नये. आणि संध्याकाळ शेजाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. ज्यांची मुले परदेशी आहेत, ज्या घरात एकच माणूस राहते, त्यांच्याकडे नुसते ताट पाठवण्यापेक्षा दुपारी एकला त्यांनाच बोलवावे. पोलंडचे लोक एक जागा रिकामी ठेवतात. आपण ती भरावी.

भगिनींनो, नाताळ आता जवळ आला. आज घरी गेल्यावर, भांडी घासण्याआधी, सगळ्यांना बसवून एवढेच विचारा की यंदा आपण किती वाजता जेवायचे, आणि त्या वेळेला मी कुठे असेन, ओट्यापाशी की पानावर? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.