जुलाबात मुलाला काय पाजावे?



पावसाळ्यात हिरण्यकेशी दुथडी भरून वाहते आणि त्याच दिवसांत आपल्या घरोघरी मुलांना जुलाब होतात. अशा वेळी "पाणी देऊ नका, आणखी होतील" असे वडीलधारी माणसे सांगतात. सर्वांत घातक समज हाच. पाणी तोडल्याने जुलाब थांबत नाहीत. शरीर मात्र सुकत जाते आणि लहान मूल त्यानेच दगावते.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आले. कारण जुलाबातही आतडे मीठ व साखर जोडीने शोषून घेते आणि पाणी त्यांच्यामागून आत जाते.

"मग बाटलीतले थंड पेय का नको? त्यातही साखर आहेच," असे विद्यार्थी विचारतील. प्रमाण पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मिश्रणात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. कोला पेयात लिटरला १०० ग्रॅमच्या वर साखर. इतकी साखर उलट अंगातलेच पाणी आतड्यात ओढते. 'ओआरएस' नाव छापलेली गोड पेयेही बाजारात आली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना ते नाव वापरण्यास मनाई केली. पुडीवर या संघटनेचे नाव पाहूनच घ्यावी.

पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ अंदाजाने नको. पाणी आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. किंचित मीठ घातलेली तांदळाची पातळ पेजही चालते. तांदूळ घनसाळ असो की रेशनचा, आतड्याला त्याचे काही नाही! अंगावरचे दूध मात्र तोडू नये.

चहाने अंग सुकते, हाही गैरसमजच. मोठ्या माणसाला दोन-चार कपांतले पाणी अंगी लागते. जुलाब झालेल्या मुलाला मात्र चहा नको. रोज्याच्या दिवसांत सहरीला एकदम तांब्याभर पाणी प्याल्याने दिवस निघत नाही, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. इफ्तारपासून थोडे थोडे प्यावे.

मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांवर विसंबू नका. तडक दवाखाना गाठा आणि मूल शुद्धीवर असेल तर वाटेतही चमच्या-चमच्याने पाजत राहा.