अरेका पाम पिवळे पडले त्याची गोष्ट

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं हे बोलणं. सभेला न आलेल्या ताईंनी मागितलं म्हणून इथे देत आहोत.)

बसा निवांत, पण चहा येईपर्यंत माझं ऐकून घ्या.

आधी एक प्रश्न मिटवते, कारण प्रत्येक गटात तो मला विचारतात. "मॅडम, याला सुपारी कधी लागणार?" नाही लागणार. आपण खातो त्या सुपारीचं झाड वेगळं. तिचं शास्त्रीय नाव अरेका कटेचू आहे, म्हणून नावाचा घोळ होतो. आपण वाढवतोय तो अरेका पाम शोभेचा. ऑफिसात, हॉटेलात, लग्नाच्या हॉलच्या दाराशी ठेवतात तो. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांत तुम्ही बघितलाच असेल.

आता मुद्द्याचं. आपल्या एका गटाने अंतर्गत कर्ज काढून दीडशे रोपं आणली. दोन महिन्यांत जवळजवळ साठ पिवळी पडली. मागच्या बैठकीत ठरायला लागलं की ज्या ताईंची पाण्याची पाळी होती, त्यांना दंड लावायचा. त्या ताई काही बोलल्या नाहीत, खाली मान घालून बसल्या. मला रात्री झोप आली नाही, खरं सांगते. कारण रोज पाणी घाला असं मीच सांगितलं होतं. मी एमएसडब्ल्यू केलंय, झाडांचं माझं शिक्षण नाही. विचारून सांगायला हवं होतं.

मग एका जुन्या रोपवाटिकेतल्या मामांना मी रोप नेऊन दाखवलं. त्यांनी पिशवी फाडली आणि मुळं माझ्या नाकाशी धरली. कुजका वास! मुळं काळी, मऊ झालेली. हे झाड मूळचं मादागास्करचं, आफ्रिकेच्या बाजूच्या बेटावरचं. तिकडे त्याच्या भागात हवा दमट असते, पण माती वाळूसारखी, पाणी निघून जातं. आपण काय केलं? शेतातली काळी माती भरली. ती पाणी धरून ठेवते. वरून तण येऊ नये म्हणून पिशव्यांखाली ताडपत्री अंथरली, तीही माझीच आयडिया. जागा मधे खोलगट, तिथे पाणी साचलं आणि पिशव्यांची भोकं पाण्यातच राहिली. पिवळी पडलेली बहुतेक रोपं नेमकी तिथलीच होती. ताईंनी पाणी सांगितलं तसंच घातलं. मग दंड कोणाला लावायचा?

म्हणून आता पाळी नाही, बोट. मातीत बोटाची दोन पेरं घालून बघायची. ओलं लागलं तर पाणी नाही, कोरडं लागलं तर भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं. उन्हाळ्यात लवकर कोरडं होईल, पावसाळ्यात आठ दिवसही लागणार नाही. माती भरताना पोयटा, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारखं घ्या.

काही रोपांची फक्त पानांची टोकं करपलीत. त्याचं कारण वेगळं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. पिशवीतल्या मातीवर पांढरा थर दिसतो ना, तोच. जमेल तेवढं पावसाचं पाणी पिंपात धरा. ते नसेल तर अधूनमधून एकदा भरपूर पाणी घालून क्षार खालून वाहून जाऊ द्या, पण पिशवी उंचावर ठेवूनच. आणि कोणीतरी मूठभर युरिया टाकलाय. नाव विचारत नाही, पण परत टाकू नका, त्यानेही टोकं जळतात.

ऊन सकाळचं चालतं. सावलीत वाढलेलं रोप एकदम दुपारच्या उन्हात काढलं तर पानं भाजतात, तेव्हा शेडनेटखालीच राहू द्या. उन्हाळ्यात पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. पानं खालून पाण्याने धुवा. पान पूर्ण वाळल्याशिवाय कापू नका. रोप मोठ्या पिशवीत हलवताना मुळांची मोळी फोडू नका, आणि पहिल्यापेक्षा खोल गाडू नका.

विक्रीचं एक सांगते. एकच काडी असलेलं रोप गिऱ्हाईक उचलत नाही. रोपवाटिकावाले एका कुंडीत चार-पाच रोपं एकत्र लावतात म्हणून ती भरगच्च दिसते. आपली वाचलेली नव्वद रोपं तशी लावली तर कुंड्या कमी होतील, पण भाव बरा मिळेल. हिशोब गटाने बसून करा. मला घाई नाही.

राहिला साठ रोपांचा तोटा. तो सगळ्यांनी मिळून घ्यावा, असं माझं म्हणणं आहे. ताडपत्रीचे पैसे मी माझ्या मानधनातून देते. दंडाचा ठराव वहीत लिहिलेला आहे, तो आज अध्यक्ष ताईंनी वाचून रद्द करावा आणि सगळ्यांनी सह्या कराव्यात. वही मी सोबत आणली आहे.